मिथकालच्या घरची कॉफी

शोबक, ६ ऑक्टोबर

माझ्या भावा, अबू गालिब,

तुला सलाम, आणि तुझ्या त्या फोनला आग लागो. परवा मी फोन लावला, तू उचललास, आणि पलीकडे विहिरीच्या तळाशी बसून कुणी बोलतंय असं वाटलं. एक शब्द कळेल तर शपथ. मग समीहानं फोन घेतला. म्हणाली, "आत्या, बाबांचा आवाज अजून सुटत नाही. तू पत्र लिही, उजवा हात त्यांचा ठणठणीत आहे." म्हणून लिहितेय. लिहायला तूच शिकवलंस, तेव्हा अक्षराला नावं ठेवायची नाहीत.

उन्हाळ्यात तुला अर्धांगाचा झटका आला तेव्हा मी अम्मानला आले होते. तू नळ्यांमध्ये गुरफटलेला होतास, तरी मला बघून एक डोळा मिचकावलास. दुसरा मिटत नव्हता. आता काठी घेऊन मशिदीपर्यंत जातोस असं कळलं. अल्लाचे लाख उपकार.

आता मुख्य गोष्ट. ती लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. माझ्या राकानच्या हातून माणूस गेला. मुद्दाम नाही. सफरचंदांच्या पेट्या भरून उतारावरून येत होता, संध्याकाळची वेळ, वळणावर गाडी घसरली, आणि रस्त्याच्या कडेनं मिथकालचा सायेल चालला होता. एकोणीस वर्षांचा पोरगा. राकाननंच त्याला उचलून दवाखान्यात नेलं. वाटेतच संपला.

राकान कोठडीत आहे. मिथकालच्या घरानं रिवाजाप्रमाणे आम्हाला मुदत दिली आहे, नोव्हेंबर संपेपर्यंत. तोवर समेट झाला तर ठीक, नाही तर आम्हाला हे घर सोडून जावं लागेल, आणि राकान सुटला तरी कुठल्या ना कुठल्या रस्त्यावर मिथकालचे भाऊ त्याला गाठतील. ते गरम डोक्याचे आहेत, तुला माहीत आहे. मिथकाल तसा नाही. त्यानं तुझं नाव घेऊन निरोप धाडलाय: "मुतलक आला तर त्याच्यासमोर मी कॉफी ठेवीन. दुसऱ्या कुणासमोर नाही." त्याचा बाप आणि तू फौजेत एका तंबूत झोपलात, ते तो विसरलेला नाही.

तेव्हा समेट मागणाऱ्यांची जाहा घेऊन तू यायचंस. चार मानाची माणसं बरोबर घे, पुढे तू. पेला समोर आला की हात लावायचा नाही, मागणं मांडायचं, आणि तो "मान्य आहे, कॉफी प्या" म्हणाला की प्यायची. तुला मी काय शिकवू? आयुष्यभर तू हेच केलंस. लोकांच्या पोरांसाठी केलंस, आता बहिणीच्या पोरासाठी कर.

बरोबर सुक्या अंजिरांची माळ आणि भाजलेले हरभरे पाठवतेय. तुझे दात माझ्यापेक्षा शाबूत आहेत, तेव्हा कुरकुर नको.

तुझी बहीण
नौफा


अल-कसर, १४ ऑक्टोबर

प्रिय भगिनी नौफा,

सायेलवर अल्लाची दया असो, आणि त्याच्या आईबापाला धीर मिळो. राकानसाठी मी रोज दुआ करतो. तो निष्काळजी मुलगा नाही, हे मी कुठेही शपथेवर सांगेन.

जाहाबद्दल म्हणशील तर माझी तब्येत अजून प्रवास झेपण्यासारखी नाही. गुडघ्यात जोर नाही आणि तुमच्याकडचा रस्ता सगळा वळणांचा. शिवाय समेट हा शब्दांचा खेळ, आणि माझे शब्द हल्ली समोरच्याला कळत नाहीत, हे तू स्वतः फोनवर ऐकलंस. तफीलाचे शेख नव्वाश वजनदार माणूस आहेत. त्यांच्या नावानं चिठ्ठी देतोय. माझ्या गालिबबरोबर दोन मेंढे पाठवतो, समेटाच्या जेवणाला होतील.

अंजीर फार गोड होते. हरभरे खाताना तुझी आठवण आली.

मुतलक


शोबक, २१ ऑक्टोबर

अबू गालिब,

मेंढे परत पाठवले आहेत. गालिब बिचारा वाटेत त्यांच्याशी बोलत गेला असेल.

तुझी चिठ्ठी घेऊन माझा थोरला, सालेम, तफीलाला गेला. शेख नव्वाश भला माणूस, लगेच मिथकालकडे गेले. मिथकालनं त्यांना बसवलं, जेवू घातलं, आणि म्हणाला, "मी एकाच माणसाचं नाव घेतलं होतं." झालं. आता मुदतीचे दिवस चाललेत आणि मी दारात बसून रस्ता बघते.

आणि काय रे, हरभरे खाताना माझी आठवण आली? गालिबला चहा पाजला आणि त्याच्या तोंडून सगळं काढून घेतलं. त्याला खोटं बोलता येत नाही, ते तुझ्याकडून त्यानं घेतलं नाही. हरभरे मशिदीसमोरच्या पोरांना वाटलेस. अंजिरांची माळ अजून खुंटीला टांगलेली आहे. आणखीही सांगितलं त्यानं. तू रोज उपास करतोस म्हणे. बैठकीत पाहुणे मटण-भाताच्या मन्सफच्या परातीभोवती बसतात, तू त्यांना "बिस्मिल्ला करा" म्हणतोस आणि काठी टेकत आत निघून जातोस. आपल्या बापाच्या बैठकीत यजमान पाहुण्यांच्या आधी उठला असं कधी झालं होतं का? पाहुण्यांनी घासाला हात कसा लावावा?

मला कळलं काय ते. तू मरणाच्या दारातून परत आलास आणि आता तुला पुण्य जोडायचंय. ज्याच्या हाताला रक्त लागलंय त्या भाच्यासाठी लोकांसमोर हात पसरले तर त्या पुण्यात घट येईल. ठीक आहे. तू संत हो. मी पोराची आई आहे, मला संत होऊन चालणार नाही.

मला राग आलाय आणि तो मी लपवत नाही. गुडघ्याचं कारण दुसऱ्या कुणाला सांग.

नौफा


अल-कसर, १ नोव्हेंबर

नौफा,

मला लबाड म्हण, भित्रा म्हण, पण संत म्हणू नकोस. हसावं की रडावं ते कळेना.

तू रागावलीस ते बरोबर आहे, कारण मी तुला खोटं लिहिलं. आता खरं लिहितो. हे समीहा आणि गालिब सोडून कुणाला माहीत नाही, आणि गालिबला मी शपथ घातली होती. चहाला बधला नाही, एवढं त्याचं कौतुक करायला हवं.

झटक्यानं माझा डावा हात नेला, डावा पाय ओढता केला, ते सगळ्यांना दिसतं. माझं गिळणं नेलं ते कुणाला दिसत नाही, कारण मी दिसू देत नाही. अम्मानच्या इस्पितळात एक तरुण बाई होती, गिळायला शिकवणारी. हो, असंही काम असतं. तिनं कागदावर चित्र काढून दाखवलं. घशात दोन वाटा असतात, एक पोटाकडे जाणारी, एक श्वासाची. घास आला की श्वासाची वाट झाकली जाते. तुझी झाकते, मेंढराचीही झाकते. माझी उशिरा झाकते.

सगळ्यात वाईट पाणी. पाणी थांबत नाही, झाकण पडायच्या आत निसटून जातं. म्हणून मला पाणी नाही. समीहा पाण्यात कॉर्नफ्लॉवर शिजवते आणि ते मी चमच्यानं खातो. नौफा, पाणी खातो. चहासुद्धा तसाच, दूध तसंच. भाकरी नाही, कारण तिचा भुगा होतो. भात घोटून, मटण वाटून, जमीदचं दही घातलेल्या रश्श्यात कालवून. गोळ्या कुटून खिरीत. प्रत्येक घासाला हनुवटी छातीला टेकवायची, एकदा गिळायचं, परत गिळायचं, खाकरायचं, मग "आ" असा आवाज काढायचा. आवाज ओला आला तर पुन्हा खाकरायचं. एक वाटी संपता संपता ती गार होते. आणि खाताना बोलायचं नाही! मी, ज्याचं आयुष्य परातीभोवती बसून बोलण्यात गेलं.

तहान मात्र जात नाही. घोटलेल्या पाण्यानं पोट भरतं, तहान तशीच राहते. अंगणात नळ सोडला की मी आत जाऊन बसतो, ऐकवत नाही.

सप्टेंबरात एकदा मला वाटलं, पुरे झाली ही पोरकट शिस्त. समीहा बाहेर गेली होती. मी एक पेला पाणी प्यायलो. साधा ठसकासुद्धा लागला नाही. मनात म्हटलं, बघा, मी बरा झालो. दोन दिवसांनी अंगात ताप भरला, आणि करकच्या इस्पितळात डॉक्टर म्हणाले की पाणी फुफ्फुसात उतरलंय. म्हणजे ठसका लागला तर मी सापडतो, आणि नाही लागला तर मरतो. समीहा तेव्हापासून पोलीस झाली आहे.

आता पाहुण्यांचं. त्यांच्यासमोर जेवलो तर काय होतं सांगू? दूध नाकातून येतं. दाढीवरून ओघळतं आणि डाव्या बाजूला मला ते कळतही नाही. पहिल्यांदा असं झालं तेव्हा समोरच्या माणसानं नजर खाली घातली. मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. म्हणून मी म्हणालो, आज माझा उपास आहे. पुढच्या वेळी तेच म्हणालो. पुढचं गावानं रचलं. परवा एक बाई आजारी नातवाला घेऊन आली, म्हणाली याच्या डोक्यावर हात ठेवा. ठेवला. काय करू? पोरगा बराही झाला, आता आणखी येतील.

अंजीर मी रोज हुंगतो. तेवढं खरं.

आता तूच सांग, मिथकालची कॉफी माझ्यासमोर आली तर मी काय करू? ती पाण्यासारखीच पातळ, वर कडक. पिताना ठसका लागला तर ती तोंडातून बाहेर येणार. ज्याचा मुलगा गेलाय त्याच्या घरची कॉफी, त्यानं माफी दिल्यावर, भरल्या तंबूत तोंडातून बाहेर टाकायची. याचा अर्थ काय होतो ते तुला माहीत आहे. मी राकानला वाचवायला जाईन आणि त्याच्या मरणाचं कारण होऊन परत येईन. म्हणून गुडघ्याचं कारण लिहिलं.

तुझा भाऊ
मुतलक


शोबक, ७ नोव्हेंबर

माझ्या भावा, माझ्या डोळ्यांच्या उजेडा,

तुझं पत्र मी चुलीपाशी वाचलं आणि डाळ करपली. संत म्हणाले, ते मागे घेते. लबाड म्हणाले नव्हते, ते आता म्हणते. बहिणीपासून लपवायची गोष्ट होती का ही?

काल मी दिवसभर पाण्यात कॉर्नफ्लॉवर शिजवून तेच घेतलं. म्हटलं, बघू तरी माझा भाऊ काय खातो. दुपारपर्यंत टिकले. मग लाज सोडली आणि नळाला तोंड लावून प्यायले, आणि पिताना रडले. एवढंच माझ्या हातून झालं.

तू येऊ नकोस. खरंच सांगते, टोमणा नाही. पोरगा माझा आहे आणि तूही माझा आहेस, एकाच्या बदल्यात दुसरा मी देणार नाही. राकानला भेटले तेव्हा तोही म्हणाला, "आई, मामाला ओढू नकोस." तो तुरुंगात जेवत नाही. मी सांगते जेव, तर म्हणतो, सायेल जेवतोय का?

मिथकालकडे सालेम पुन्हा गेला होता. मुदत वाढवायला तो तयार नाही, त्याचे भाऊ त्याला वाढवू देत नाहीत. सायेलची आई, फिद्दा, कुणाला भेटत नाही. तिच्या दारावरून मी दोनदा गेले. पडदा ओढलेला. आत जायची हिंमत झाली नाही. कुठल्या तोंडानं जाऊ?

एक सुचलंय, रागावू नकोस. समजा तू आलास, तर पेला ओठाला लाव आणि बाहीत ओत. सालेम तुझ्या डाव्या हाताला बसेल, कुणाला दिसणार नाही. नाही पटलं तर सोडून दे. आम्ही घर सोडू. घरं काय, दुसरीकडेही असतात.

नौफा


अल-कसर, १५ नोव्हेंबर

नौफा,

बाहीत ओतायची नाही. मिथकालनं मुलगा गमावलाय. त्यानं मन मोठं करून पेला पुढे करायचा आणि मी तो बाहीत ओतायचा? कुणाला दिसलं नाही तरी मला दिसेल.

मी येतोय. गालिबनं मिथकालला निरोप दिला, येत्या शुक्रवारी नमाजनंतरची वेळ ठरली. अजलूनचे दोघे आणि करकचे दोघे बरोबर आहेत, सगळे मला ओळखणारे. बोलायचं ते गालिब माझ्या वतीनं बोलेल, मी शेजारी बसेन. पण पेला माझ्यासमोर येणार आणि मी तो पिणार. कॉफी पेल्याच्या तळाशीच ओततात, दोन घोट फार तर. हनुवटी खाली धरून, श्वास रोखून, दोन घोट. माणूस यापेक्षा मोठी संकटं गिळतो.

समीहाला मी एवढंच सांगितलंय की नुसता बसून येतो. तू तिला फोन करायचा नाहीस. केलास तर तुझ्या पत्राला मी पुन्हा उत्तर देणार नाही.

मुतलक


शोबक, १८ नोव्हेंबर

अबू गालिब,

बसच्या ड्रायव्हरच्या हाती हे पत्र देतेय, वेळेत पोचू दे. पिऊ नकोस. तुला हवं ते कर, येऊ नकोस, ये आणि परत जा, पण पिऊ नकोस. आपल्या आईनं मरताना माझा हात तुझ्या हातात दिला होता, तुझा माझ्या हातात दिला नव्हता, पण मी तसंच धरलं आहे. मी समीहाला फोन करणार आहे. नको देऊस उत्तर.

नौफा


करक, इस्पितळ, ३० नोव्हेंबर

माझे बहिणी,

तुझी चिठ्ठी मी इथे खाटेवर वाचली. ती शुक्रवारी आम्ही निघाल्यावर पोचली. तू फोन केलास तेव्हाही गाडी निघून गेली होती. समीहानं गालिबच्या मागे दुसरी गाडी पाठवली, ती अर्ध्या वाटेत बंद पडली. तिनं मला अजून माफ केलेलं नाही, पण वाटी भरवते.

राकान घरी आला हे तुला माझ्या आधी कळलं. तंबूत काय झालं ते सालेमनं सांगितलं असेल, पण तो मागे बसला होता आणि रडत होता, त्याला निम्मं दिसलं नसेल. म्हणून मी लिहितो.

तंबू भरलेला होता. मिथकाल मधे, दोन्ही हातांना भाऊ. मी त्याला ओळखलंच नाही, एवढा वाळलाय. पेला समोर ठेवला. गालिब बोलला, चांगला बोलला, मधे अडखळला तेही चांगलंच दिसलं. मग मिथकाल म्हणाला, "सायेल अल्लाचा होता. हक्क अल्लासाठी सोडला, आणि मुतलकच्या पांढऱ्या दाढीसाठी. तुमचं मागणं मान्य. कॉफी प्या."

मी पेला उचलला, हनुवटी खाली घेतली आणि घोट घेतला.

पुढचं तुला कळलंच. ठसका आला तो छाती फोडून आला. कॉफी नाकातून, तोंडातून, दाढीवर, मिथकालच्या गालिच्यावर. श्वास सापडेना. डोळ्यांपुढे काळोख झाला, पण कान चालू होते. मिथकालचा धाकटा भाऊ उठून उभा राहिला आणि ओरडला, "थुंकला! आमची कॉफी थुंकला!" आणखी कुणी उठले. गालिब माझ्या पाठीवर थापा मारत होता, त्याला कुणीतरी मागे ओढलं.

नौफा, तेव्हा मला मरणाची भीती वाटली नाही. मला वाटलं, मी राकानला मारला.

श्वास परत आला तसा मी हात वर केला. बोलायला गेलो तर नुसती घरघर. पुन्हा खाकरलो. मग म्हणालो, आणि तंबूत इतकी शांतता होती की माझं बोबडं बोलणंही सगळ्यांना कळलं: "मिथकाल, खोट तुझ्या कॉफीत नाही, माझ्या घशात आहे. झटक्यानंतर मला गिळता येत नाही. मी पाणी पिऊ शकत नाही. माझी लेक मला बाळासारखं चमच्यानं भरवते. मी उपास करत नव्हतो, लोकांसमोर खायची लाज वाटत होती म्हणून खोटं सांगत होतो." अजलूनचे ते दोघे माझ्याकडे बघतच राहिले. गेल्याच महिन्यात त्यांनी माझ्याकडून दुआ करवून घेतली होती.

धाकटा म्हणाला, "दुसऱ्या कुणाला तरी पिऊ दे याच्या बदली." मिथकालनं मान हलवली. "ज्याला शब्द दिला त्यानंच प्यायची." मग मला विचारलं, "काका, तुम्ही कशी पिता?"

मी म्हणालो, "कॉर्नफ्लॉवर घालून. खिरीसारखी."

कॉफी करणाऱ्या माणसाकडे कॉर्नफ्लॉवर कुठून असणार? ते घरात, बायकांकडे. मिथकालनं कनातीकडे तोंड करून हाक मारली, "फिद्दा!" आणि काय हवं ते सांगितलं.

उत्तर आलं नाही.

त्यानं पुन्हा सांगितलं. उत्तर नाही. मिथकाल उठला नाही, ओरडला नाही. सगळा तंबू त्या कापडाकडे बघत बसला होता. माणसांचे पेले माणसांसमोर, कुणी हात लावेना. मला वाटलं, ती नाही म्हणेल. तिनं नाही म्हटलं असतं तर मी तिला दोष दिला नसता.

मग आतून आवाज आला. "किती घट्ट?"

कुणालाच सांगता येईना. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मधाएवढी. चमच्यातून लगेच ओघळायला नको."

बऱ्याच वेळानं वाटी आली, चमचा आला. कोमट. तिनं निववूनसुद्धा दिली होती. मी हनुवटी टेकवली आणि खाल्ली, एक एक चमचा, दोनदा गिळून. नाकातून काही आलं तर पुसलं. त्या सगळ्या माणसांसमोर. कुणी नजर खाली घातली नाही. माझी वाटी रिकामी झाल्यावर त्यांनी आपले पेले उचलले, तोवर सगळ्यांची कॉफी गार झाली होती.

मला धरून बाहेर नेत होते तेव्हा कनातीमागून तिनं विचारलं, "अबू गालिब, वाटी संपली?" मी म्हणालो, "संपली, पोरी. अल्ला तुझ्या हातांना सुखी ठेवो." ती म्हणाली, "मी आजारी माणसाला खायला दिलं. माझ्या मुलाचं मला अजून कुणी विचारलेलं नाही."

गालिबनं मला गाडीत घातलं, छातीत घरघर होती म्हणून सरळ इकडे आणलं. तुझ्या दारावरून गेलो. मी काचेवर टकटक केली, तो थांबला नाही. ताप आला, आता उतरतोय. डॉक्टर म्हणतात, या वेळी निभावलं.

कागदावर समेट झाला, नौफा. सह्या झाल्या, राकान सुटला. पण त्या घरातल्या एका माणसाला कुणी विचारलंच नाही, आणि तिला विचारणं जाहाचं काम नाही, माझंही नाही. तू जा.

मुतलक


शोबक, १२ डिसेंबर

माझ्या भावा,

मी गेले. एकटी. सालेम येतो म्हणाला, त्याला घरी बसवलं.

दार तिनंच उघडलं. ओळखलं. "बस," म्हणाली. दारात आलेल्याला बस म्हणावंच लागतं. कॉफी आणून समोर ठेवली आणि स्वतः परातीत डाळ घेऊन खडे वेचायला लागली.

मी म्हणाले, "फिद्दा, माझं मागणं आहे. ते ऐकल्याशिवाय मी ही पिणार नाही."

"बोल."

तुम्ही पुरुष काय काय बोलता, तू मला लहानपणी नक्कल करून दाखवायचास, त्यातलं एक वाक्य आठवेना. म्हणाले, "माझ्या मुलानं तुझा मुलगा नेला. मी माफी मागायला आले आहे."

"आणि मी नाही दिली तर?"

"तर कॉफी अशीच राहील."

"राहू दे," ती म्हणाली, आणि खडे वेचत राहिली.

मला उठवेना. मी परातीची दुसरी कड ओढली आणि मीही वेचायला लागले. तिनं हटकलं नाही. अर्धी परात झाल्यावर विचारलं, "तुझा भाऊ वाचला का?" मी म्हणाले, वाचला. "मला वाटत होतं, पातळ झाली असेल." मी म्हणाले, नव्हती झाली, तो सांगतो अगदी बरोबर होती. तिनं मान हलवली. मग म्हणाली, "सायेलला दम नसायचा. गरम गरम प्यायचा आणि जीभ भाजून घ्यायचा. रोज." मी रडायला लागले. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझ्या घरात तू रडू नकोस."

मी डोळे पुसले. डाळ संपली. पुढच्या नमाजची वेळ झाली तेव्हा ती उठली, माझा पेला उचलला, गार कॉफी अंगणात ओतली आणि पेला धुऊन पालथा घातला. मला वाटलं, हेच उत्तर. मी चपला घातल्या.

दाराशी तिनं विचारलं, "उद्या येशील?"

मी म्हणाले, "येईन."

"ये. ताजी करीन."

ही माफी नाही, मला कळतं. घरी आले तर राकान अंगणात उभा होता. सुटून आल्यापासून तो घराबाहेर पडलेला नाही. म्हणाला, "आई, काय म्हणाली?" मी सांगितलं, उद्या ये म्हणाली. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, खांदे हलत होते. मग तोंड न वळवता त्यानं विचारलं, "मी येऊ?"

मी म्हणाले, "अजून नाही."

तुझी
नौफा